सोसणाऱ्या नायिकेशी भांडण

डार्क रोमान्स नावाने खपणाऱ्या कादंबरी-मालिकेचा शेवटचा भाग मिटला की वाचकाच्या मनात एक प्रश्न उरतो. ज्याने पळवून नेलं, कोंडून ठेवलं, त्याच्यावरच हिचा जीव कसा जडतो? नायिकेची माया तर लागलेली असते, आणि तिचा रागही आलेला असतो. हा राग आजचा नाही. गोदाकाठच्या गंगाखेडात तो कादंबरी येण्याच्या कितीतरी आधी जात्यावर गायला गेला.

१९४८च्या सप्टेंबरपर्यंत गंगाखेड निजामाच्या राज्यात होतं. कारभार उर्दूतून चाले, मराठी पुस्तकं पुण्या-मुंबईहून येत आणि ती वाचता येणाऱ्या बायका थोड्याच. पण पहाटे दोघी जात्याशी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला हात घालून फिरवत, एक जण मूठभर दाणे तोंडात सोडी आणि पहिली ओळ उचली, दुसरी ती पुरी करी. मराठवाड्यातल्या या ओव्यांत सीता पुन्हा पुन्हा येते, विशेषतः गरोदरपणी वनात सोडलेली सीता. देवळात श्रीधरस्वामींच्या ‘रामविजया’ची पोथी लागे तेव्हा हात जोडून ऐकणाऱ्या याच बायका जात्यावर बसल्या की सीतेचं पारडं जड करत आणि रामाला जाब विचारत. तिच्या सोसण्याला त्या थोर म्हणत, पण ते तिच्या वाट्याला आलंच का, हे विचारायचंही सोडत नसत.

हे धाडस त्यांना जनीने दिलं, असं म्हणायला जागा आहे. संत जनाबाई गंगाखेडची. लहानपणीच ती पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून गेली. तिचा विठ्ठल तिच्यासोबत दळतो, शेण वेचतो. आणि रुसली की ती त्याला अरेतुरे करते, शिव्या घालते. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी भर बाजारात जाईन, असंही ती ठणकावते. तेराव्या-चौदाव्या शतकातली एक दासी आपल्या प्रेमाची गोष्ट स्वतः सांगते, ही मराठीची केवढी मोठी मिळकत आहे!

मराठी कादंबरीला मात्र हा आवाज लवकर सापडला नाही. १८६१ साली आलेल्या लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाले’तली नायिका दुष्टांच्या कारस्थानांनी नवऱ्यापासून तुटते, संकटामागून संकट झेलते आणि शेवटी त्याला भेटते. तिचं शील हेच तिचं सगळं कर्तृत्व. नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ लिहिली तेव्हा प्रस्तावनेत असल्या कथानकांमागचं कारणच सांगून टाकलं: आपल्याकडे लग्नं लहानपणी होतात, रोजच्या आयुष्यात मनोरंजक असं काही घडत नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं. आठव्या-नवव्या वर्षी बोहल्यावर चढणाऱ्या मुलीची प्रेमकथा लिहायची तरी कशी? त्या काळच्या नायिका राजवाड्यांत आणि अरण्यांत भटकल्या त्या यामुळे. १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक’ यांवरच्या निबंधात असल्या असंभाव्य गोष्टींवर टीका केली. ती रास्तच होती.

इंग्रजीतला कादंबरीकार रेनॉल्ड्स तेव्हा आपल्याकडे चवीने वाचला जाई; लंडनच्या अंधाऱ्या गल्ल्या, फसवल्या गेलेल्या मुली. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी, १८८५ची ‘मधली स्थिती’, त्याच्याच छायेत लिहिलेली. पुढे त्यांनी हा काळोख भुयारातून काढून पुण्याच्या वाड्यात आणला. ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ १८९०पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तिची नायिका यमू स्वतःच बोलते: लग्न, नवऱ्याशी जमलेलं कोवळं सख्य, वैधव्य, बळजबरीने केलेलं केशवपन. आठवड्यामागून आठवडे तिच्यासोबत राहिलेल्या वाचकाला शेवट झेपणं कठीण होतं. तिने उठून उभं राहावं असं वाटत राहतं, आणि त्या घरात ती उभी राहणार कशी हेही कळत असतं. मराठीत नायिकेविषयी मन असं दुभंगवणारी ही पहिली मोठी कादंबरी.

यमू उभी राहिली नाही. ‘हिंदोळ्यावर’मधली अचला राहिली. विभावरी शिरूरकर यांची ही कादंबरी १९३४ची. नवऱ्याने टाकलेली अचला दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते आणि लग्नावाचून त्याच्यासोबत राहते. नायिकेने सोसावं तरी किती, म्हणून हळहळणाऱ्या समाजाला तिचं न सोसणं मानवलं नाही. आदल्याच वर्षीच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने खळबळ उडवली होती, आणि ही विभावरी आहे तरी कोण याचा शोध घरोघर चालू होता. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांना आपलं नाव बरीच वर्षं झाकून ठेवावं लागलं.