परदेशात करमतं का? न्यूयॉर्कचा एक विद्यार्थी आणि आपला भंडारा

मागे पाण्याचा जो आवाज येतोय ना, ती आमची वैनगंगा. मी कारध्याहून बोलतेय. पावसाळ्यात बातम्यांमध्ये ‘कारधा येथे वैनगंगेची पातळी वाढली’ असं ऐकता ना, तेच हे कारधा. पूल ओलांडला की भंडारा शहर.

गेल्या वर्षी मी शिकायला इंग्लंडला गेले होते. आता परत आलेय. परवा शेजारचा एक पोरगा घरी आला. त्याची बॅग भरून तयार आहे, पुढच्या महिन्यात निघतोय. त्यानं एकच प्रश्न विचारला, “ताई, तिथं करमते का?”

मी लगेच ‘हो’ म्हणू शकले नाही. पहिले तीन महिने मला अजिबात करमलं नव्हतं. आई फोनवर विचारायची, “जेवली का वं?” मी म्हणायची, “हो, भात केला होता.” खरं म्हणजे त्या दिवशी नुसता ब्रेड खाल्लेला असायचा. नोव्हेंबरात तर मी परतीच्या तिकिटाचे दर बघत बसले होते.

त्या पोराला मी माझी नाही, दुसऱ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. आज तीच तुम्हाला सांगते.

साल १९१३. मुंबईचा २२ वर्षांचा मुलगा बोटीनं निघतो आणि जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचतो. वडील जाऊन जेमतेम पाच महिने झालेले. घरी बायको रमाबाई आणि तान्हं बाळ. हातात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार. हा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

कोलंबिया विद्यापीठात त्यांना आधी हार्टली हॉल या वसतिगृहात खोली मिळाली. तिथलं जेवण काही मानवलं नाही. मग ते भारतीय विद्यार्थी राहायचे त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे सोबतीला नवल भथेना हा पारशी मित्र. ही मैत्री जन्मभर टिकली. म्हणजे बघा, रूम बदलणं, मेसला नावं ठेवणं, आपलं माणूस शोधणं, हे तेव्हाही होतंच!

चरित्रकार सांगतात की सुरुवातीचे काही महिने मित्रांसोबत मजेत गेले. मग घरची आठवण टोचू लागली आणि अभ्यासाचा धडाका सुरू झाला. अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. पोटाला चिमटा काढून घरी पैसे पाठवायचे, उरले की जुनी पुस्तकं घ्यायची. १९१५ मध्ये एम.ए. झालं. मे १९१६ मध्ये जातिव्यवस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध वाचला. मग लंडन.

पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. वेगळ्या बोटीनं पाठवलेलं सामान पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात बुडालं. त्यात पुस्तकंही गेली.

आता नीट ऐका. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी लिहिलंय की परदेशातल्या पाच वर्षांत, आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. आणि कराराप्रमाणे नोकरीसाठी बडोद्याला उतरले, तर राहायला कुणी जागा देईना. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं. कामाठी बागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होण्याची वाट पाहिली.

न्यूयॉर्कात एका पारशी मित्रानं खोली वाटून घेतली, आणि आपल्या देशात छप्पर मिळेना! त्यांच्या बाबतीत परक्या देशात रुळणं सोपं ठरलं, परत येऊन जगणं कठीण.

तरी ते थांबले नाहीत. प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवलकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे, असं चरित्रकार लिहितात. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. १९५२ मध्ये कोलंबियानं त्यांना बोलावून मानद पदवी दिली. आज राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीला शाहू महाराजांचं नाव आहे. ती घेऊन अनुसूचित जातींची पोरंपोरी जगभर शिकतात.

आणि आपला भंडारा? १९५४ मध्ये बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, ते इथूनच. हरले. इतक्या पदव्यांचा माणूस आपल्या धानाच्या जिल्ह्यात मतं मागायला आला आणि आपण त्याला परत पाठवलं. पूल ओलांडताना मला हे दर वेळी आठवतं.

तर त्या पोराला मी म्हटलं, “बाबू, तीन महिने करमणार नाही. मग करमेल. एखादा नवल शोध. आईला खोटं सांगू नको. आणि परत आल्यावर इथलं काय बदलायचं, ते तिथं असतानाच ठरव.”

तो म्हणाला, “आणि तुम्ही काय ठरवलं, ताई?”

मंडळी, उत्तर शोधतेय. सध्या दर रविवारी गावातल्या चार मुलींना शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला शिकवते. तुमच्या ओळखीचं कुणी निघालं असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!