चौथ्या नंबरचा आनंद

शाळेत चौथा नंबर आला म्हणून आपल्याकडे कोणी पेढे वाटत नाही. पहिल्या तिघांना बक्षीस आणि चौथ्याला "पुढच्या वेळी जरा जोर लाव". फुटबॉलवाल्यांचं मात्र उलटं. एप्रिल-मे आला की जळगावच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर आर्सेनल, युनायटेड, लिव्हरपूलचे टी-शर्ट घातलेली पोरं बोटांवर हिशोब करताना दिसतील. "भो, तीन मॅच बाकी आहेत. दोन आपण जिंकलो नि त्यांनी एक घालवली की झालो ना आपण चौथे!" धुळ्यालाही तेच. मला त्यातला 'आपण' फार आवडतो. लंडन कुठे, जळगाव कुठे! पण त्या 'आपण'कडे नंतर येऊ. आधी या चौथ्या नंबरला एवढा भाव आला कुठून ते बघू.

युरोपियन कप सुरू झाला १९५५ साली. कल्पना साधी होती, प्रत्येक देशाचा विजेता यायचा आणि आपसांत खेळायचा. त्या वर्षी इंग्लंडचा विजेता होता चेल्सी. पण तिथल्या लीगच्या कारभाऱ्यांना हे युरोपचं खूळ पसंत नव्हतं. त्यांच्या सल्ल्यावरून चेल्सीने माघार घेतली. म्हणजे ज्या दारासाठी आज पोरं रात्र रात्र जागतात, ते दार पहिल्या वर्षी इंग्लंडने स्वतःच लावून घेतलं होतं.

पुढची चाळीसेक वर्षं नियम तोच होता, देशाचा विजेता (आणि आधीच्या वर्षी कप जिंकलेला संघ). बाकीच्यांसाठी दुसऱ्या स्पर्धा होत्या, पण मोठा कप नाही. १९९२ मध्ये स्पर्धेचं नाव चॅम्पियन्स लीग झालं. १९९७-९८ पासून मोठ्या देशांचे दुसऱ्या नंबरचे संघ आत आले आणि १९९९ पासून तर काही देशांच्या चार-चार संघांना वाट मिळाली. यामागे टीव्हीचा पैसा होता हे उघड आहे. मोठ्या क्लबांचे जास्त सामने म्हणजे जास्त प्रेक्षक. नावात 'चॅम्पियन्स' आणि आत चौथे! जुन्या लोकांनी याला भरपूर नावं ठेवली. त्यांचं चूक होतं असं मला वाटत नाही. पण या बदलाचा एक परिणाम मात्र झाला. विजेता मार्चमध्येच ठरला तरी लीग मे महिन्यापर्यंत जिवंत राहू लागली.

याचं सगळ्यात नमुनेदार उदाहरण ७ मे २००६ चं. रविवार, इंग्लंडमधली दुपार म्हणजे आपली संध्याकाळी साडेसातची वेळ. शेवटचा दिवस, टॉटनहॅम चौथा आणि शेजारचा आर्सेनल एका पॉइंटने मागे पाचवा. टॉटनहॅम डिसेंबरपासून ती जागा धरून बसला होता. नेमक्या आदल्या रात्री त्यांच्या खेळाडूंची पोटं बिघडली. हॉटेलातल्या लझान्यावर संशय घेतला गेला. पुढे तपासात अन्न निर्दोष निघालं आणि दोष एका विषाणूवर गेला, पण नाव लझान्याचंच राहिलं. टॉटनहॅम वेस्ट हॅमकडून २-१ हरला. तिकडे आर्सेनलचा हायबरी या जुन्या मैदानावरचा अखेरचा सामना होता. ऑन्रीने तीन गोल केले, विगनला ४-२ ने हरवलं, आणि आर्सेनल चौथा. त्या वर्षी आमच्याकडे भारनियमन जोरात होतं. खानदेशातला मे महिना, बंद पंखे आणि लाईट आल्यावर आधी टीव्ही लावायचा की कूलर यावरून घरात वाद. अशात इंग्लंडातल्या चौथ्या नंबरची काळजी करणारी माणसं या भागात होती, हे मी आज शपथेवर सांगू शकतो.

असो. आता त्या 'आपण'कडे येतो.

खानदेशचा संघ देशाच्या वरच्या फुटबॉल लीगमध्ये कधीच नव्हता. जवळचं म्हणावं तर मुंबई, जळगावहून रेल्वेने चारशेवर किलोमीटर. त्या मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा संघ डेरिक परेरांच्या हाताखाली २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकला. म्हणजे टपरीवर आर्सेनलच्या चौथ्या नंबरची चर्चा चालू होती, त्याच मोसमात महाराष्ट्राचा एक संघ देशात चक्क पहिला आला होता! त्याची चर्चा आमच्याकडे कोणी केल्याचं मला आठवत नाही. २०१० मध्ये महिंद्रांनी संघ बंद केला, तेव्हाही कोणी हळहळलं नाही. दोष फक्त प्रेक्षकांना देऊन चालणार नाही. जिंकल्यावर पुढे काय, हेच कोणाला नीट दिसत नव्हतं. भारतीय क्लब आशियात जायचे ते एएफसी कपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीवर. वरच्या स्पर्धेच्या मुख्य फेरीचं दार आपल्यासाठी बंदच होतं.

ते उघडलं २०१९-२० च्या मोसमात. इंडियन सुपर लीगमध्ये साखळी संपताना जो पॉइंट टेबलमध्ये पहिला, तो थेट एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात, असं ठरलं. आणि लगेच मोसमाच्या शेवटच्या महिन्याचा रंग बदलला. एफसी गोवाने ३१ जानेवारी २०२० ला प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांना काढलं, तेव्हा साखळीतले तीनच सामने उरले होते. क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच जुन्या खेळाडूने सूत्रं घेतली. तिन्ही सामने जिंकले, त्यात मुंबईला ५-२ आणि शेवटी जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर ५-०. गोवा पहिला. पुढे उपांत्य फेरीत संघ हरला आणि करंडक दुसऱ्यांनी नेला. पण आशियाचं तिकीट गोव्याच्याच खिशात राहिलं.

पुढचं वर्ष कोरोनाचं. सगळी लीग गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये. लोबेरा आता मुंबई सिटीचे प्रशिक्षक होते. मोसमाच्या शेवटी मुंबईचा पाय घसरला, बंगळुरूकडून हार, मग जमशेदपूरकडून हार. मग ओडिशावर ६-१ असा दणका. २८ फेब्रुवारी २०२१ ला शेवटचा सामना एटीके मोहन बागानशी. बागानचे ४० पॉइंट, मुंबईचे ३७. बागानला बरोबरी पुरे होती, मुंबईला जिंकावंच लागणार होतं. मुंबई २-० ने जिंकली. पॉइंट सारखे झाले, पण आपसांतल्या दोन्ही लढती मुंबईने जिंकल्या होत्या. ज्या गोव्याने लोबेरांना तीन सामने बाकी असताना घरी पाठवलं, त्याच गोव्यात वर्षभराने त्यांनी दुसऱ्या संघाला तेच तिकीट मिळवून दिलं. हे कोणी सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, जरा जास्तच झालं.

आणि मग ते तिकीट घेऊन गेल्यावर काय झालं? एप्रिल २०२१ मध्ये फातोर्ड्याला गोव्याने कतारच्या अल रय्यानला ०-० रोखलं. मुख्य फेरीत भारतीय क्लबला मिळालेला तो पहिला पॉइंट. समोरच्या संघाचे प्रशिक्षक होते १९९८ चे विश्वविजेते लोराँ ब्लाँ. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. या स्पर्धेतला भारतीय क्लबचा तो पहिला विजय, आणि निर्णायक गोल मुंबईकर राहुल भेकेचा.

त्यानंतर मोठी माणसं यायची वेळ आली. ६ नोव्हेंबर २०२३ ला अल हिलाल नवी मुंबईत आला. सगळ्यांना बघायचा होता नेमार, तर तो तीन आठवडे आधी गुडघा दुखावून बसला. मुंबई ०-२ हरली. त्या वर्षी गटातले सहाही सामने हरली. २०२४ पासून आशियाने स्पर्धांच्या तीन पायऱ्या केल्या आणि आपले क्लब परत दुसऱ्या पायरीवर आले. तिथे २२ ऑक्टोबर २०२५ ला अल नस्र फातोर्ड्याला आला. रोनाल्डो आलाच नाही. गोवा १-२ हरला. गोव्याचा तो एक गोल मात्र ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच पोराने केला.

मला या सगळ्यातून एवढंच दिसतं. मोसमाच्या शेवटची ती आकडेमोड, ती धडधड आपोआप येत नाही. पुढे एक दार उघडं असावं लागतं, आणि टेबलमधली जागा कोणाच्या मर्जीने नाही तर मैदानावर मिळाली पाहिजे. इंग्लंडमध्ये हे दार पैशासाठी रुंद केलं गेलं, तरी त्यातून जाणारी आशा खरी होती. आपल्याकडे ते उशिरा उघडलं, अरुंद उघडलं आणि लवकरच पुन्हा आक्रसलं. तरी त्या फटीतून भेके गेला, ब्रायसन गेला.

तेव्हा टपरीवरच्या पोरांना माझं सांगणं एवढंच. आर्सेनलला 'आपण' म्हणा, बिनधास्त म्हणा, प्रेमाला किलोमीटर लागत नाहीत. फक्त बोटं मोजताना एखादं बोट फातोर्ड्यासाठी आणि एखादं मुंबईसाठीही राखून ठेवा. तिथल्या 'आपण'ला चारशे किलोमीटर फार नाहीत, आणि तो संघ बंद पडला तर हळहळायला कोणीतरी पाहिजेच ना.