पॉलिथीनची स्फटिकता आणि वितळबिंदू : एक ऐतिहासिक मागोवा

पदवी स्तरावरील पाठ्यपुस्तकांत पॉलिथीनपुढे वितळबिंदूचा एकच आकडा छापलेला बहुधा आढळतो. मीठ किंवा नॅफ्थॅलीन यांच्या बाबतीत अशी नोंद योग्य ठरते. पॉलिथीनच्या बाबतीत ती दिशाभूल करते. हा पदार्थ कोणत्या तापमानास वितळेल, हे तो कोणत्या रीतीने तयार झाला आणि किती सावकाश थंड झाला यावर अवलंबून असते. प्रस्तुत निबंधात ही जाणीव कशी घडत गेली याचा मागोवा घेण्यात आला आहे.

मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधील विनिंग्टन येथे, आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत, फॉसेट व गिब्सन यांनी एथिलीन व बेंझाल्डिहाइड यांवर सुमारे १७० अंश सेल्सिअसला प्रचंड दाब दिला. अपेक्षित संयुग मिळाले नाही. पात्रात मेणासारखा पांढरा पदार्थ तेवढा उरला. अतिउच्च दाबाच्या या पद्धतीत रेणुसाखळीस फांद्या फुटतात. फांद्यांमुळे साखळ्या एकमेकींना नीट चिकटून बसत नाहीत, म्हणून स्फटिकता निम्म्याच्या आसपास राहते आणि पदार्थ साधारणतः १०५ ते ११५ अंशांना वितळतो. कार्ल झीग्लर यांनी १९५३ मध्ये म्युलहाइम येथे अल्प दाबावर जवळजवळ सरळ साखळ्यांचे पॉलिथीन तयार केले. ते सुमारे १३० ते १३५ अंशांपर्यंत टिकते. उकळत्या पाण्यात एक भांडे मऊ पडते आणि दुसरे पडत नाही, हा व्यवहारातील फरक मुख्यतः फांद्यांच्या संख्येचा आहे.

दरम्यान, १९३९ मध्ये आय.सी.आय.मधीलच बन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पॉलिथीनची स्फटिकरचना उलगडली. नागमोडी साखळ्या एकमेकींना समांतर असतात, हे निश्चित झाले. मात्र एक कोडे कायम राहिले. साखळी स्फटिकाच्या मापाहून कितीतरी लांब असते. मग ती त्यात मावते कशी? १९३० च्या सुमारास मांडलेल्या प्रतिकृतीनुसार एकच साखळी अनेक लहान स्फटिकांतून आणि त्यांमधील अव्यवस्थित भागातून जाते, असे मानले जाई. हे स्पष्टीकरण पटण्यासारखे होते व जवळजवळ पाव शतक टिकले.

१९५७ मध्ये ब्रिस्टल येथे अँड्र्यू केलर यांनी झायलीनमधील विरल द्रावणातून पॉलिथीनचे एकल स्फटिक मिळविले. ते सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे होते, आणि इलेक्ट्रॉन विवर्तनानुसार साखळ्या पापुद्र्याच्या पृष्ठभागास लंब होत्या. शेकडो नॅनोमीटर लांबीची साखळी इतक्या पातळ पापुद्र्यात उभी राहायची, तर तिने वारंवार घडी घेतलीच पाहिजे, असा निष्कर्ष केलर यांनी काढला. टिल व फिशर यांनाही त्याच वर्षी स्वतंत्रपणे असे स्फटिक मिळाले होते. घडीचा अर्थ ठामपणे मांडण्याचे श्रेय मात्र केलर यांचेच.

वितळबिंदूचे कोडे येथेच सुटते. पापुद्रा जितका पातळ, तितका त्यातील पृष्ठभागाचा वाटा मोठा आणि वितळण्याचे तापमान कमी. शिवाय पापुद्र्याची जाडी स्फटिकीकरणाच्या तापमानावर ठरते. म्हणजे नमुन्याचा पूर्वेतिहास त्याच्या वितळण्यात नोंदलेला असतो. वुंडरलिश यांनी उच्च दाबाखाली ताठ साखळ्यांचे स्फटिक वाढविले, तेव्हा वितळबिंदू १४१ अंशांच्या जवळ पोहोचला. १९६० च्या दशकात वॉटसन व ओनील यांनी विकसित केलेल्या विभेदी क्रमवीक्षण उष्मामापकामुळे असे मापन सुलभ झाले. पूर्ण स्फटिकी पॉलिथीनची वितळण्याची उष्णता ग्रॅमला सुमारे २९३ जूल धरली, तर १४६ जूल देणारा नमुना निम्मा स्फटिकी ठरतो. घनतेवरून काढलेली टक्केवारी याहून थोडी वेगळी येऊ शकते, कारण प्रत्येक पद्धत 'स्फटिकी' कशास म्हणावे याची आपली व्याख्या गृहीत धरते. शोधनिबंधात पद्धतीचा उल्लेख न करता केवळ टक्केवारी देणे म्हणूनच अपुरे आहे.

घडीचा प्रश्नही निर्विवाद राहिला नाही. वितळलेल्या अवस्थेतून गोठताना साखळी लगतच्या जागी परतत नाही, ती दूरवर कुठेही पुन्हा शिरते, असे पॉल फ्लोरी यांनी १९६२ मध्ये प्रतिपादिले. १९७९ मध्ये केंब्रिज येथील फॅरेडे चर्चासत्रात दोन्ही पक्ष समोरासमोर आले. प्रास्ताविकात फ्रँक यांनी साध्या हिशेबाकडे लक्ष वेधले : बऱ्याच साखळ्या मागे वळल्या नाहीत, तर पापुद्र्याबाहेरील अव्यवस्थित भागाची घनता अशक्य इतकी वाढेल.