कंपवात, खाजकुइली आणि जमिनीवरच्या रेघा

पावसाळा सरला की अलिबागपासून मुरुडपर्यंत कुंपणांवर खाजकुइलीच्या मखमली शेंगा लोंबायला लागतात. शाळेत कुणाच्या तरी शर्टात ती कुसं टाकून पळालेले तुमच्यातही असतीलच! आजचा भाग या वेलीपासून सुरू होतो आणि थरथरणाऱ्या हातांपर्यंत जातो.

आयुर्वेदात या वेलीला कपिकच्छू म्हणतात, आणि थरथरीच्या आजाराला कंपवात. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये अशाच आजारावर निबंध लिहिला. रुग्ण फक्त सहा, त्यातले काही तर रस्त्यात दिसलेले. पुढे १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून एल-डोपा वेगळं काढलं. पण या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असतं, हे कळायला १९६० उजाडलं. १९६१ मध्ये व्हिएन्नात एल-डोपा टोचल्यावर अंथरुणाला खिळलेले काही रुग्ण उठून चालू लागले. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी खाजकुइलीनेच केलेल्या उपचारांवर शोधनिबंध छापला.

म्हणून वाडीतल्या बिया कुटून कुणाला देऊ नका हं. बीमागे औषध किती, याचा भरवसा नसतो, आणि चालू गोळ्यांत भर पडून डोस चढू शकतो.

औषधाची ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी सापडते. गोळीच्या बाहेरची कमी सांगितली जाते, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. आमच्या आजोबांना पार्किन्सन्स आहे. डॉक्टर मुंबईचे, म्हणजे मांडव्याहून लाँच. लाँचमध्ये चढायच्या फळीपाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. मागे रांग, कुणीतरी ओरडणार, ‘आजोबा, चला की!’ लोक बघायला लागले की थरथर आणखी वाढायची. शेवटी त्यांनी मुंबईला जाणंच सोडलं. घरच्यांना वाटलं, हट्ट करतायत.

पाय असे अडकणं आजाराचाच भाग आहे, हे आम्हाला अलिबागच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं. सवयीने आपोआप चालणं अडतं, पण डोळ्यांना किंवा कानांना खूण दिली तर पाऊल सुटतं. हेही जुनंच आहे बरं का. जमिनीवर आडव्या रेघा मारल्या तर असे रुग्ण चालतात, हे ब्रिटिश डॉक्टर जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्ये मांडलं होतं. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने आपल्या काकांना जिना सहज उतरताना आणि सपाट जमिनीवर अडखळताना पाहिलं. मग तिने जमिनीवर चक्क जिन्याचं चित्र चिकटवलं! चहा सांडू नये म्हणून आत वळलेल्या काठाचा कपही केला. तिचं २०१५ चं भाषण ऑनलाइन आहे, नक्की बघा.

आमच्याकडे उंबऱ्याआधी रंगीत पट्ट्या आहेत. जेट्टीवर पट्टी कोण लावू देणार? तिथे आजी आपली छत्री त्यांच्या पावलापुढे आडवी धरते आणि म्हणते, ‘अहो, ओलांडा. एक, दोन, तीन!’ कप अर्धाच भरायचा, कोपर टेबलावर टेकवून घोट घ्यायचा, चमचा जाड मुठीचा. शर्टाची बटणं गेली, टी-शर्ट आले. त्यावरून आजोबांची कुरकुर अजून चालू आहे!

एक मात्र लक्षात ठेवा, प्रत्येक थरथर पार्किन्सन्सची नसते. हात मांडीवर निवांत असताना थरथरतो, की कप उचलताना, हे बघून डॉक्टरांना सांगा. आणि पार्किन्सन्सच निघाला, तर फिजिओथेरपी पहिल्या भेटीतच विचारा, तोल जायची वाट बघू नका. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे हृषीकेश पवार यांनी तर या रुग्णांना नाचायला शिकवलंय. आजोबांना नाचाचं विचारलं, तर म्हणाले, ‘आधी लाँच तर पकडू दे.’