लान्सारोतेचा लाव्हाप्रदेश : प्रेक्षणीय स्थळ व इतिहासाचे साधन

स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातील लान्सारोते बेटावरचा तिमानफायाचा काळा लाव्हाप्रदेश प्रवासी निसर्गाचा चमत्कार म्हणून पाहतात. वस्तुतः ती गाडल्या गेलेल्या गावांची भूमी होय. १ सप्टेंबर १७३० रोजी सुरू झालेला उद्रेक १७३६ पर्यंत चालला व बेटाचा सुमारे चतुर्थांश भाग लाव्ह्याखाली गेला. याइसा गावचे धर्मगुरू कुर्बेलो यांनी १७३१ अखेरपर्यंतची हकीकत लिहिली. भूवैज्ञानिक फॉन बूख यांच्या जर्मन ग्रंथामुळे ती टिकली. पुढे शेतकऱ्यांनी ला हेरिया येथे ओलावा धरणाऱ्या राखेत खड्डे खणून, वाऱ्याच्या आड दगडी बांध घालून द्राक्षवेली वाढविल्या. १९७४ मध्ये तिमानफाया राष्ट्रीय उद्यान झाले. उद्यान आणि मळे ही दोन्ही स्थळे एकाच आपत्तीची साधने आहेत. पहिले तिचा विध्वंस सांगते, दुसरे माणसाने तिला दिलेले उत्तर.