मामाची मुलगी आणि एका रिसेप्टरचा शोध

सोलापुरात मुलाच्या लग्नाचा विषय निघाला की घरातली एखादी आजी अजूनही म्हणते, ‘मामाची मुलगी आहे की, बाहेर कशाला हिंडता?’ आज आपण बोलणार आहोत मेंदूतल्या एका रिसेप्टरच्या जनुकाबद्दल. पण त्याचा इतिहास या आजीच्या प्रश्नापासूनच सुरू करावा लागतो, कारण हे जनुक काय काम करतं ते जगाला कळलं ते नात्यात लग्न झालेल्या घरांमुळे.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तरेत नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत ते पसंतीचं, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये, अशी त्यांची मांडणी. इथल्या अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. सोलापूर तर मराठी, कन्नड आणि तेलुगू यांच्या सांध्यावरचं गाव. तेलुगू आणि कानडी रीतीत काही ठिकाणी सख्ख्या मामाशी भाचीचं लग्नही होतं. ही रीत बरी की वाईट, हा आजचा विषय नाही.

आता दुसरा धागा. मुलीला पदर येतो, मुलाला मिसरूड फुटतं, याची खूण कोण देतं? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथून जीएनआरएच नावाचं संप्रेरक थोड्या थोड्या वेळाने, ठोके पडल्यासारखं सुटतं. दहा अमिनो आम्लांचा एवढासा रेणू. त्याची रचना १९७१ मध्ये कळली, आणि त्या शोधासाठी शॅली आणि गीमाँ यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे नोबिल यांनी माकडांवर दाखवलं, की तासातासाने ठोका दिला तर पिट्युटरी ग्रंथी काम करते. तेच संप्रेरक सलग सोडलं तर ती गप्प बसते! पण हा ठोका सुरू कोण करतं? लहानपणी तो थंडावतो आणि बाराव्या-तेराव्या वर्षी जागा होतो, तो कशाने? तीस वर्षं याचं धड उत्तर नव्हतं.

१९९९ साली टोरंटोच्या संशोधकांना उंदराच्या मेंदूत एक नवा रिसेप्टर सापडला. जीपीआर-५४ हे त्याचं नाव. दिसायला गॅलानिन या न्यूरोपेप्टाइडच्या रिसेप्टरसारखा, पण गॅलानिन त्याला चिकटेना. कुलूप आहे, किल्ली नाही. अशांना ‘अनाथ रिसेप्टर’ म्हणतात. किल्ली २००१ मध्ये मिळाली, ती निघाली किसपेप्टिन. त्याचं जनुक १९९६ मध्येच अमेरिकेतल्या हर्शी गावी सापडलं होतं, तेही कर्करोगाच्या प्रसारावर काम करताना. तिथल्या ‘किसेस’ नावाच्या चॉकलेटवरून त्याला ‘किस’ म्हटलं गेलं. वयात येण्याशी त्याचा काही संबंध असेल, असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

तो संबंध २००३ साली उघड झाला. एकाच वर्षी दोन गटांनी, एक पॅरिसचा, एक बॉस्टनचा, अशी घराणी तपासली जिथे मुलं वयातच येत नव्हती. दोन्हीकडे आईबाप एकमेकांचे नातलग. पॅरिसच्या घराण्यात या जनुकाची १५५ अक्षरं गळलेली होती. बॉस्टनच्या गटाने तपासलेल्या सौदी घराण्यात ३९८ अमिनो आम्लांच्या साखळीतलं १४८ वं एकच आम्ल बदललेलं. एवढ्याने मूल वयात येत नाही!

याच गटाने केंब्रिजच्या सहकाऱ्यांसोबत हे जनुक बंद केलेले उंदीरही पाहिले. तेही वयात आले नाहीत. मात्र त्यांच्या मेंदूत जीएनआरएच पुरेसं होतं. म्हणजे माल कोठारात भरलेला, दार उघडणारा नाही. या रिसेप्टरचं काम तिथे दिसलं: जीएनआरएच बनवणं नव्हे, सोडवणं. २००८ मध्ये ब्राझीलमधल्या एका मुलीत उलटा बिघाड सापडला. रिसेप्टर गरजेपेक्षा जास्त वेळ चालू राहणारा, आणि मुलगी फार लवकर वयात आलेली.

आता आपल्या घरी येऊ. समजा आजोबांकडे या जनुकाची एक बिघडलेली प्रत आहे. त्यांना काहीच त्रास नाही, कारण दुसरी प्रत काम करते. त्यांच्या नातवाचं आणि नातीचं आपसात लग्न झालं, तर होणाऱ्या मुलाला तीच प्रत दोन्हीकडून मिळण्याची शक्यता ६४ त १. मामा-भाचीच्या लग्नात ३२ त १. बिघाड मुळात दुर्मिळ आहे, त्यामुळे नात्यातल्या बहुतेक लग्नांतून निरोगीच मुलं होतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. पण ज्या घरात हे घडतं, तिथे काय होतं? पोरगी सोळाची झाली तरी पाळी नाही, की नवससायास, मग कुजबुज, मग सगळा ठपका आईवर. प्रत तर दोन्ही बाजूंनी आलेली असते, आणि दोन्ही बाजू एकाच आजोबांच्या!

उशीर होण्याची कारणं बरीच असतात. कुपोषण, दीर्घ आजार, नाहीतर नुसती घराण्याची चाल. म्हणून डॉक्टर साधारण मुलीसाठी १३ आणि मुलासाठी १४ वर्षं ही मर्यादा धरतात. तोवर काहीच बदल दिसले नाहीत तर रक्तातली संप्रेरकं तपासायची. या बिघाडात पिट्युटरी शाबूत असते, त्यामुळे बाहेरून संप्रेरकं देऊन वयात आणता येतं, पुढे मूल होण्यासाठीही उपचार आहेत. तपासणीला जाल तेव्हा लग्न नात्यातलं आहे, हे आपणहून सांगा. डॉक्टरही हे विचारायला कधी कधी संकोचतात.