पावाचा तुकडा आणि पंगत

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील तरुण विद्येसाठीं वा नोकरीसाठीं पुण्यामुंबईस गेले म्हणजे तेथील इटालियन उपाहारगृहांत पिझ्झा खातात, आणि सुटींत घरीं आले म्हणजे त्याच्या चवीचें वर्णन करतात. वडील मंडळी त्यांत पाश्चात्त्यांचें अनुकरण पाहून खेद करतात. आम्हांस मात्र या प्रकरणांत लक्ष देण्याजोगी गोष्ट पदार्थ नसून पंगत वाटते. निरनिराळ्या जातींचे व धर्मांचे चार मित्र एका मेजाभोंवतीं बसतात, एकाच ताटांतील तुकडे हातानें उचलतात, आणि वाढणाऱ्याचें कुळ कोणी विचारीत नाहीं. हें दृश्य महाराष्ट्रांत फार जुनें नाहीं.

पदार्थाविषयीं प्रथम दोन शब्द. पिझ्झा हें मूळचें नेपल्स शहरांतील गरिबांचें रस्त्यावरचें खाणें. त्यावरील टोमॅटो सोळाव्या शतकांत अमेरिका खंडांतून युरोपांत आला. म्हणजे तो इटलीसही परकाच होता. 1889 सालीं राणी मार्गारिता हिनें नेपल्सच्या मुक्कामांत हें खाणें आवडीनें खाल्लें, अशी आख्यायिका आहे. इतिहाससंशोधक तिजविषयीं साशंक आहेत. परंतु गरिबाचें अन्न राणीपर्यंत पोंचलें याचें तेथील लोकांस भूषण वाटलें, एवढें तिच्यावरून दिसतें.

त्याच शतकांत आपल्याकडे काय चाललें होतें? मुंबईंत 1849 सालीं स्थापन झालेल्या परमहंस सभेंत प्रवेश घेणारास ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खावा लागे. तो तुकडा म्हणजे जातिबंधन तोडल्याची खूण. पण तो दार लावून खावयाचा. 1860 च्या सुमारास सभासदांचीं नांवें फुटलीं आणि सभा मोडली. पुढें ऑक्टोबर 1890 मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. त्या मंडळींत माधवराव रानडे व बाळ गंगाधर टिळक होते. नांवें छापून आलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि एका पेल्यापायीं दोघांसही प्रायश्चित्ताच्या वादांतून जावें लागलें.

हे झाले ज्यांस पंगतींत मानाचें पान होतें त्यांचे हाल. ज्यांस पंगतीबाहेरच ठेविलें होतें त्यांची कथा याहून कठोर आहे. कोल्हापुरांत गंगाराम कांबळे यांनीं चहाचें दुकान काढलें, तेव्हां अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास कोणी येईना. मग स्वतः शाहू महाराज तेथें जाऊन सर्वांदेखत चहा घेऊं लागले. अखेर 26 जानेवारी 1950 रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदानें, सार्वजनिक उपाहारगृहांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणास मज्जाव करतां येणार नाहीं, असें ठरविलें. 1996 सालीं परदेशी कंपन्यांनीं भारतांत पिझ्झ्याचीं दुकानें काढलीं, तेव्हां त्या मेजाची वाट आधींच्या लोकांनीं अशी मोकळी करून ठेविली होती.

आमचा जिल्हाही या कथेस परका नाहीं. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगांव यांवरून जातो. एके काळीं रेल्वे स्थानकांवर हिंदूंचें पाणी निराळें व मुसलमानांचें निराळें असे. आज शेगांवची कचोरी डब्यांतील सर्व उतारू एकाच विक्रेत्याकडून घेतात. आणि गजानन महाराजांच्या संस्थानांत महाप्रसादास शेजारीं कोण बसला, याची चौकशी होत नाहीं.

तथापि उपाहारगृहांतील समता कायद्यानें व पैशानें मिळणारी आहे. ज्याच्या खिशांत पैसा नाहीं, त्यास तें दार अजूनही बंदच. उलट घरचें स्वयंपाकघर कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तेथें केवळ यजमानाचें मन चालतें. शहरांत ज्याच्याबरोबर आपला मुलगा एका ताटांतून खातो, तो मित्र सुटींत गांवीं आला असतां त्यास आपण ओसरीवर वाढतों, कीं आंत आपल्या शेजारीं पाट मांडतों, एवढा प्रश्न वडील मंडळींनीं स्वतःस विचारावा. पिझ्झ्याची चिंता मग खुशाल करावी.